“दोन टाके तर मारायचेत!” : ट्रॉलीची दांडी, फुटलेला पंप आणि वेल्डिंगच्या दुकानातली दुरुस्ती

आडवा_टाका :

नवीन गेट करायला आलेलं गिऱ्हाईक तासभर नक्षीवर बोलतं. मोडलेली वस्तू घेऊन आलेलं गिऱ्हाईक मात्र गाडीवरनं उतरायच्या आधीच सांगतं, “काही नाही मिस्त्री, दोन टाके तर मारायचेत.”

वाळवा तालुक्यात माझं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. एरवी अर्धं काम दुरुस्तीचं, आणि गळीत हंगामाच्या तोंडावर जवळजवळ सगळंच. उसाच्या ट्रॉलीच्या (ट्रॅक्टरला जोडायच्या) दांड्या, फाळके, बिजागऱ्या, नांगर, रोटाव्हेटर. ‘वेल्डिंग मारलं तरी पुन्हा तुटलं, म्हणजे वेल्डर कच्चा होता का’ असं लोक विचारतात. कधी कधी असतो कच्चा. पण तुटलेलं जोडणं हा दुरुस्तीतला सोपा भाग. ते का तुटलं हे शोधायला जास्त वेळ जातो आणि त्याचे पैसे कुणालाच द्यायचे नसतात.

ट्रॉलीची दांडी घ्या. चीर वेल्डिंगच्या मधोमध क्वचितच सापडते. ती असते कडेला, जिथं वेल्डिंग संपून मूळ लोखंड सुरू होतं. तिथं आकार एकदम बदलतो, उष्णतेनं लोखंडाचा पोत बदललेला असतो, आणि करंट जास्त ठेवून घाईत हात मारला असेल तर कडेला बारीक खाचही पडलेली असते. ट्रॉली भरते, खड्ड्यात आपटते, कारखान्यावर रिकामी होते, पुन्हा भरते. ताण येतो आणि जातो, आणि ती केसाएवढी खाच दर फेरीला थोडी पुढं सरकते. अशी दांडी आली की बहुतेक ठिकाणी एक चौकोनी पट्टी ठिगळासारखी बसवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारतात. दिसायला भक्कम. पुढच्या हंगामात दांडी जाते ती त्या ठिगळाच्या आडव्या वेल्डिंगच्या रेषेतच, कारण आपणच ताणाच्या वाटेत नवीन कड उभी केलेली असते.

आमच्याकडे काय करतो ते सांगतो. आधी रंग आणि गंज काढून चिरेचं खरं टोक शोधायचं. डोळ्यांना दिसतं तिथं चीर संपत नाही. साफ केलेल्या जागेवर रॉकेल फासायचं, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडं पुसायचं आणि वरून खडू घासायचा. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. ज्यांना परवडतं त्यांनी लाल रंग आणि पांढऱ्या फवाऱ्याचे तयार डबे आणावेत, तत्त्व तेच. टोकाच्या जरा पुढं ड्रिलनं भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग ग्राइंडरनं तळापर्यंत व्ही आकाराची खाच काढून आतून भरत यायचं. वरवर थर दिला तर आतली चीर तशीच राहते. ठिगळ द्यायचंच असेल तर दोन्ही टोकं निमुळती कापा, वेल्डिंग लांबीच्या बाजूनं मारा आणि चॅनेलच्या (दांडीच्या सी आकाराच्या लोखंडाच्या) पात्यावर आडवी रेघ मारू नका.

रॉडबद्दल. आपल्याकडं सगळ्याला ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड. ग्रिलला, गेटला, शेडला उत्तम रॉड, सहज पेटतो, वर साचणारा मळ, म्हणजे स्लॅग, पटकन सुटतो. पण दांडीसारख्या जाड, ताणाच्या जागेला मी ७०१८ वापरतो. त्याचं दुखणं म्हणजे ओल. पाकीट फोडून ठेवलेला रॉड हवेतलं पाणी ओढतो, ते पाणी आर्कमध्ये (वेल्डिंगच्या ठिणगीत) फुटून हायड्रोजन वेल्डिंगमध्ये शिरतो, आणि काम थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, चीर पडते. म्हणून हे रॉड साधारण ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजून गरम गरम वापरायचे असतात. डब्यात बल्ब लावून ठेवलेले रॉड भाजले जात नाहीत. कोरडे असलेले कोरडे राहतात, एवढंच. जुन्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर ७०१८ नीट पेटतही नाही, इन्व्हर्टर मशीनवर डीसीला छान चालतो.

आणि काही कामं मी घेतच नाही. स्प्रिंगचे पाटे, तुटलेला अ‍ॅक्सल, डिझेलची टाकी, आणि टायर चढवलेली रिम. शेवटच्याचं लोकांना नवल वाटतं. हवा काढली तरी आत टायर असताना रिम तापवली की रबरातून पेटणारा वायू सुटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. टायर उतरवूनच आणा.

विचारा काय विचारायचं ते.

---

घण_आणि_ऐरण :

दादा, सगळं पटतं, पण कागदावर. आमचं दुकान कारखान्याच्या रस्त्यालाच आहे. रात्री अकराला भरलेली ट्रॉली दारात येते, मागं दुसरी जोडलेली, तोडणीची टोळी उद्याच्या गाडीसाठी खोळंबलेली. त्याला मी म्हणू, थांब, रॉड भाजतो? ६०१३ चा दहा नंबर जाडीचा रॉड घेतो, करंट वाढवतो, भरून देतो. ट्रॉली कारखान्यावर पोचते. शेतकरी खूश, मी खूश.

---

आडवा_टाका :

पोचते हे खरं आहे, आणि अडचणीला मी पण असं केलंय. भांडण टाक्याशी नाही, तो टाका पुढं सगळा हंगाम चालवण्याशी आहे. “कारखान्यावर जाऊन रिकामा करून परत ये” असं तोंडावर सांगायचं, आणि शक्य असेल तर मागची ट्रॉली तिथंच सोडायला लावायची. फाळका तुटला तर ऊस रस्त्यावर पडेल. दांडी तुटली तर दोन ट्रॉल्या बिनलगामी मागं किंवा शेजारच्या दुचाकीवर. दोन्हीला एकच टाका कसा चालेल?

---

पाणसळ :

पुण्यात स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतो, हातानं वेल्डिंग येत नाही हे आधीच सांगतो. मूळ लेखात आलेला मुद्दा जरा पुढं नेतो. येणाऱ्या-जाणाऱ्या ताणात लोखंड किती भारी दर्ज्याचं आहे याला फार महत्त्व उरत नाही. वेल्डिंगच्या कडेचा आकार ठरवतो ते किती टिकेल. म्हणून ‘जास्त मजबूत रॉड’ हा उपाय नाही. ६०१३ मधला ६० म्हणजे प्रति चौरस इंच साठ हजार पौंड ताणशक्ती, ७०१८ मधला ७० म्हणजे सत्तर हजार. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे नेहमीचं लोखंड) चॅनेलला दोन्ही आकडे पुरेसेच आहेत. ७०१८ चा खरा फायदा चिवटपणा आणि कमी हायड्रोजन.

एक स्वस्तातली सुधारणा: भरून झाल्यावर वेल्डिंगची कड ग्राइंडरनं मूळ पत्र्यात हळूच उतरती करा, आणि घासल्याच्या रेघा ताणाच्या दिशेनं राहू द्या, आडव्या नकोत. पाच मिनिटांचं काम आहे आणि आयुष्य खरोखर वाढतं.

---

बांधावरून :

मिस्त्री, माझ्या मोनोब्लॉक पंपाचं केसिंग (बाहेरचं कवच) फुटलंय. कास्टिंग आहे. गावातल्या वेल्डरनं साध्या रॉडनं मारलं, गार होता होता टक् असा आवाज आला आणि शेजारीच नवीन चीर. आता म्हणतो भंगारात टाका. खरंच टाकू?

---

आडवा_टाका :

भंगारात टाकू नका काका, पण साध्या रॉडनं परत मारू पण देऊ नका.

तुमचं कास्टिंग म्हणजे बीड. बिडात कार्बन २ टक्क्यांच्या वर असतो, बऱ्याचदा ३-४ टक्के. एमएसमध्ये पाव टक्क्याच्या आत. साधा रॉड वितळला की हा कार्बन त्यात मिसळतो आणि वेल्डिंग काचेसारखं कडक होतं. शिवाय बीड ताणाला लवत नाही. गार होताना वेल्डिंग आक्रसतं, शेजारचं बीड साथ देत नाही, ते फुटतं. तुम्ही ऐकलेला टक् तोच.

रस्ते तीन. पहिला निकेलचा रॉड. महाग आहे, नगावर विकत मिळतो. यात वस्तू गारच ठेवायची: दोन-अडीच सेंटीमीटरचा तुकडा मारायचा, लगेच गोल तोंडाच्या हातोडीनं हलके ठोके द्यायचे, हात टेकवेल इतकं गार होऊ द्यायचं, मग दुसरीकडं पुढचा तुकडा. घाई केली की संपलं. दुसरा रस्ता गॅसवर पितळी रॉडनं ब्रेझिंग. यात बीड वितळवायचंच नसतं, म्हणून पातळ केसिंगला मला हाच आवडतो, फक्त चिरेतलं तेल-ग्रीस पूर्ण गेलं पाहिजे. तिसरा म्हणजे पूर्ण वस्तू भट्टीत ५००-६०० अंशांपर्यंत तापवून बिडाच्याच रॉडनं भरणं आणि मग कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून एक-दोन दिवस हळूहळू गार करणं. हे जाणत्याचं काम. कोल्हापुरात उद्यमनगरात चौकशी करा.

तुमच्या गावातल्या मिस्त्रीनं टाकलेलं कडक वेल्डिंग आधी पूर्ण घासून काढावं लागेल. केसिंग नेताना हेही सांगा, नाहीतर निकेल रॉडचे पैसे फुकट जातील.

---

घण_आणि_ऐरण :

बीड आहे की पोलाद हे नवीन पोरांना कळत नाही हो. ग्राइंडर लावून ठिणगी बघायची. एमएसची लांब, पिवळसर, सरळ. कार्बन वाढला की ठिणगीला फुलबाजीसारखी फुलं फुटतात. बिडाची आखूड आणि लालसर. रोटाव्हेटरच्या पात्यावर लावून बघा, फुलं दिसतील. ते पातं कडक करून आलेलं असतं, त्याला मधेच वेल्डिंग मारलं की कडकपणा गेला तरी किंवा काचेसारखं झालं तरी, दोन्हीकडून ते दगड लागला की जातं. नवीन पातं बोल्टनं बसवा.

---

कौलारू :

माझा प्रश्न दुरुस्तीचा नाही, पण इथं जाणकार जमलेत म्हणून विचारते. घराच्या गेटसाठी दोघांकडून दर घेतले, दोघंही किलोवर बोलतात. एक म्हणतो १० एमएमचा चौकोनी बार पुरेल, दुसरा म्हणतो ताई, १२ शिवाय हात लावणार नाही. नक्की कोण फसवतंय?

---

आडवा_टाका :

फसवत कुणीच नसेल ताई, पण किलोच्या दरात मिस्त्रीचा फायदा वजनात असतो हे लक्षात ठेवा. १० एमएम चौकोनी बार मीटरला ७८५ ग्रॅम भरतो, १२ एमएमचा १ किलो १३० ग्रॅम. नक्षी तीच, वजन ४४ टक्के जास्त. बिल पण तेवढंच जास्त, आणि मजुरी मात्र त्याला तेवढीच पडली.

गेट खाली का येतं याचं उत्तर मधल्या बारात नसतं. ते बाहेरच्या चौकटीत, तिरप्या आधारात, बिजागरीत आणि खांबात असतं. चौकट ४० बाय ४० च्या पाइपची २ एमएम जाडीची मागा. पाइप विकत घेताना ‘१६ गेज’ म्हणजे १.६ एमएम आणि ‘१८ गेज’ म्हणजे १.२ एमएम समजा, आणि टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावून दाखवायला सांगा. ४० बाय ४० चा पाइप २ एमएममध्ये मीटरला साधारण २.४ किलो भरतो, १.६ मध्ये १.९. आत १० एमएमचे बार घातले तरी घराच्या गेटला काही होत नाही. आणि वजन तुमच्यासमोर काट्यावर झालं पाहिजे, रंगाआधी.

दुरुस्तीचं रडगाणं इथंच आहे बघा. दुरुस्तीला वजनच नसतं. अर्धा दिवस घासण्यात आणि चीर शोधण्यात गेला, रॉड लागले सहा. किलोनं बिल करायचं तर चहाचे पैसे निघत नाहीत. म्हणून मी आता तासावर घेतो, ग्राइंडरची डिस्क आणि गॅस वेगळा, आणि काम सुरू करायच्या आधी सांगतो. काही गिऱ्हाईक परत जातात. जाऊ देत.

---

बांधावरून :

आणि जे राहतात ते म्हणतात “उसाचं बिल झालं की देतो” :)

---

आडवा_टाका :

काका, शुगरकेन कंट्रोल ऑर्डर १९६६ सालची आहे, त्यात ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचं लिहिलंय. तुमची १४ दिवसांची उधारी मला मान्य आहे. पुढं कारखान्यानं किती लांबवायचं ते तुमचं आणि त्याचं.

---

समुद्रकाठचा :

देवगडकडचा आहे, आमचं रडगाणं वेगळं. वेल्डिंग तुटत नाही, कुजतं. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपची ग्रिल केली तर दोन पावसाळ्यांत प्रत्येक जोडावर तांबडा ओघळ. स्टेनलेस स्टीलचं रेलिंग केलं ‘३०४’ प्रतीचं म्हणून, त्यालाही ठिपके. मग करायचं काय, लाकूड?

---

पाणसळ :

जीआयचं कारण सरळ आहे. जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळून जातो आणि जोडच उघडा पडतो. तिथं घासून जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर द्या, साधा चंदेरी रंग नको. त्याहून चांगलं म्हणजे एमएसमध्ये पूर्ण ग्रिल तयार करून मग गरम जस्तात बुडवून घेणं. तेव्हा बंद पाइपांना हवेची भोकं ठेवायला सांगाच. जस्ताची टाकी ४५० अंशांच्या आसपास असते, बंद पाइपात अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन पाइप फुटतो.

स्टीलच्या ठिपक्यांची कारणं दोन. एक तर ते ३०४ नसून २०२ असेल. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के, ३०४ मध्ये ८ च्या वर. लोहचुंबकानं फरक कळत नाही, दोन्हीला नीट चिकटत नाही. तपासायचं रसायन बाटलीत मिळतं, ते वापरायला लावा. दुसरं म्हणजे खरं ३०४ सुद्धा खाऱ्या वाऱ्यात डागाळतं. समुद्रासमोर ३१६ लागतं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं.

---

आडवा_टाका :

तिसरं कारण आमच्या धंद्यातलं. एमएसवर चालवलेली डिस्क तशीच स्टीलवर चालवली की लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच गंजतात. स्टीलची डिस्क वेगळी ठेवणारं दुकान शोधा. वेल्डिंगनंतरचा निळा-काळा डाग पण काढून घ्या, तो राहिला की गंज तिथूनच सुरू होतो. आणि स्टील थेट एमएसच्या प्लेटला जोडायचं असेल तर ३०९ चा रॉड, ३०८ नाही.

---

घण_आणि_ऐरण :

जीआयवरनं आठवलं. जीआय जाळून मारलं की संध्याकाळी हुडहुडी भरते, अंग मोडतं, तोंडाला गोडूस चव येते. आमचे वस्ताद सांगायचे, गूळ खा आणि दूध पी. मी अजून खातो.

---

डोळस :

नेत्रतज्ज्ञ आहे, पण हे एवढं सांगू शकते. तो जस्ताच्या धुराचा ताप आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि आर्क त्याच्या कितीतरी पट गरम, त्यामुळे पांढरा धूर होतो आणि तो फुप्फुसात जातो. गूळ-दूध पोटात जातं. खा, पण उपाय म्हणून नाही. जोडापासून दोन-तीन सेंटीमीटर जस्त घासून काढा, वारा पाठीशी घेऊन उभे राहा, धुराचा योग्य मास्क लावा. ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. दम लागला तर मात्र दवाखाना.

आता माझ्या विषयाचं. वेल्डिंग बघून डोळे येतात ते लगेच नाही, सहा ते बारा तासांनी. म्हणून रुग्ण रात्री दोनला येतात, डोळ्यांत वाळू टोचतेय म्हणत. बुबुळाचा वरचा थर अतिनील किरणांनी भाजलेला असतो. एक-दोन दिवसांत भरून येतो. बटाट्याच्या चकत्या, बाळंतिणीचं दूध, मेडिकलमधले बधिर करणारे थेंब, यातलं काही घालू नका. ते थेंब वारंवार घातले तर बुबुळाला कायमची इजा होते. माझ्याकडं वेल्डरपेक्षा जास्त येतात ते शेजारी हातानं पाइप धरून उभे राहिलेले हेल्पर, ज्यांना काच दिलेलीच नसते. हाताच्या वेल्डिंगला दहा किंवा अकरा नंबरची काळी काच हवी, हेल्परलाही.

---

घण_आणि_ऐरण :

मॅडम, आमच्या हेल्परकडं काच आहे. वापरत नाही. “टाका मारेपर्यंत डोळे मिटतो” म्हणतो. उद्या हे वाचून दाखवतो त्याला.

---

नाना_ओहायो :

इकडं गॅरेजमध्ये हौसेनं मिग वेल्डिंग (रॉडऐवजी तारेचं) करतो. एक शंका. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला लोडरचा ब्रॅकेट जोडून दिला, त्यानंतर पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं. वेल्डिंगचा संबंध असेल का?

---

आडवा_टाका :

अर्थिंगचा क्लॅम्प कुठं लावला होता त्यावर आहे नाना. करंट होल्डरपासून क्लॅम्पपर्यंत जी वाट मिळेल तिनं जातो. क्लॅम्प मागं आणि वेल्डिंग पुढं असेल तर तो बेअरिंगच्या गोळ्यांमधून ठिणग्या पाडत जाऊ शकतो आणि बारीक खड्डे पडतात. क्लॅम्प कायम कामाच्या अगदी जवळ, रंग खरवडून, मधे बेअरिंग किंवा बिजागरी न येता. नवीन ट्रॅक्टर असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा काढायच्या. आम्ही तर ट्रॉली आधी ट्रॅक्टरपासून सोडवून मगच हात लावतो.

---

कौलारू :

गेटचं ठरलं. चौकट २ एमएम, आत १० चे बार, वजन रंगाआधी. ‘टोकाला व्हर्नियर लावा’ म्हटल्यावर पहिला मिस्त्री हसला आणि त्यानंच काढून दाखवलं. दुसऱ्याचा फोन परत आला नाही.

---

बांधावरून :

मिस्त्री, जाता जाता एक. जुन्या इंजिनाची डिझेल टाकी झिरपतेय. तुम्ही घेत नाही म्हणालात, पण ही सहा महिने रिकामी उन्हात पडलीय. आता तर आत वाससुद्धा नाही. चालेल ना?

---

आडवा_टाका :

नाही काका. पत्र्याच्या सांध्यात आणि गंजाखाली डिझेल चिकटून राहतं, थंड असताना वास येत नाही, आर्कनं पत्रा तापला की त्याची वाफ होते आणि बंद टाकीत तेवढी पुरते. ज्यांना हे काम येतं ते टाकी वाफेनं धुतात, वेल्डिंगच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरतात, झाकण उघडं ठेवतात आणि मग हात लावतात. त्यातही बरेच जण आर्क टाळून कथलाचा डागच देतात. जुन्या इंजिनाची टाकी बाजारात तयार मिळते. चार बोल्ट आहेत, पंपाचं केसिंग घेऊन कोल्हापूरला जाणारच आहात तर जुनी टाकी सोबत न्या, मापाला लागेल.